ऑर्किड आणण्याआधी घरातली रात्र मोजा

निळी व्हँडा, निळ्या फुलांचं एक ऑर्किड, माझ्या पुण्यातल्या बाल्कनीत दीड वर्ष होती. डिसेंबरात आली तेव्हा टवटवीत होती. पहिले चार महिने तिने एक पानही टाकलं नाही, त्यामुळे मी निर्धास्त होते. मग एप्रिल लागला. सगळ्यात खालचं पान पिवळं पडलं आणि हात लावताच निखळून आलं. आठवडाभरात त्याच्या वरचं. मे संपेपर्यंत उघडी दांडी आणि शेंड्याला तीन पानं एवढंच उरलं. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं, सावली केली, खत थांबवलं. पावसाळ्यात तिने एक नवीन मूळ सोडलं, मला वाटलं वाचली. पुढचा मे काही तिला पेलला नाही.

विकणाऱ्याने झाडाबरोबर चिठ्ठी दिली होती: ‘भारतीय जात, सांभाळायला सोपी.’ भारतीय आहे हे खरं. पण ती जिथली, त्या मेघालयातल्या खासी टेकड्यांवरची हवा आणि पुण्याची हवा दोन्ही भारतीयच, आणि त्या झाडाला त्या ‘भारतीय’ शब्दाचा काडीइतका उपयोग नव्हता.

त्यानंतर मी बरंच वाचलं, बाल्कनीत तापमापक टांगला, चार-पाच वर्षं वहीत आकडे लिहिले. माझं आता ठाम मत आहे की घरात ऑर्किड मरतात ती बहुतेक दोन कारणांनी. एक, मुळांना हवा मिळत नाही. दोन, आपल्या घरातली रात्र त्या झाडाच्या गावच्या रात्रीसारखी नसते. खतं, औषधं, टॉनिकं यांच्यापायी आपण पैसे आणि जीव दोन्ही खर्च करतो, पण ही दोन कारणं तशीच राहिली तर त्यातलं काहीच लागू पडत नाही. पहिलं कारण बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. दुसऱ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

बांडगूळ नव्हे

कोकणात आंब्या-फणसाच्या खोडावर वाढणारं जे काही असेल त्याला सरसकट बांडगूळ म्हणायची पद्धत आहे, आणि बांडगूळ काढताना सीतेची वेणी हे ऑर्किडही ओरबाडून काढलं जातं. दोघांत फरक मोठा आहे. बांडगूळ झाडाच्या सालीत मुळं खुपसतं आणि त्याच्या जिवावर पोसतं. ऑर्किड नुसतं बसायला जागा मागतं. त्याची मुळं सालीला वरून चिकटतात, आत शिरत नाहीत. मराठीत अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात. गंमत अशी की ‘व्हँडा’ हे शास्त्रीय नावच संस्कृतातल्या ‘वन्दा’ या शब्दावरून आलंय, आणि त्या शब्दात बांडगूळही मोडतं. गैरसमज इतका जुना आहे.

जमिनीत उगवणारीही ऑर्किड आहेत, त्यांच्याकडे पुढे येते. घरात जी मरतात ती मात्र बहुतेक झाडावर राहणारी असतात, आणि ती कळायला त्यांचं मूळ बघायला लागतं.

व्हँडाचं जाडसर, पांढुरकं, वाळलेलं मूळ बोटात धरा आणि त्यावर पाण्याचा एकच थेंब सोडा. थेंब ओघळत नाही. तो जिथे पडला तिथे आत शिरतो, आणि बघता बघता त्या जागी हिरवा डाग उमटतो, जणू पांढऱ्या कागदाखाली कुणी पान ठेवलंय. खरं जिवंत मूळ आत असतं. त्याच्याभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचे थर असतात, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना त्यात हवा असते म्हणून ते चांदीसारखं दिसतं, भिजलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. म्हणजे झाडाला पाणी पोचलं की नाही हे मुळाच्या रंगावर कळतं. कुंडीत बोट घालून बघायची गरज नाही, ‘आठवड्यातून दोनदा’ अशा नियमाचीही नाही.

असं मूळ कशासाठी? फांदीवर पाऊस येतो तो वाहून जाणारा. सरीचं पहिलं पाणी पानांवरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कुजलेला पाला यांतलं सत्त्व घेऊन खाली उतरतं, आणि मिनिटभरात निघूनही जातं. तेवढ्यात ते शोषून घ्यायचं, आणि मग वारा लागून सुकायचं, श्वास घ्यायचा, असा त्या मुळाचा दिनक्रम. हे मूळ आपण ओल्या मॉसच्या, म्हणजे शेवाळाच्या, घट्ट गोळ्यात कोंबतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पटींनी हळू पसरतो. सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मूळ गुदमरतं, मग बुरशी आणि जिवाणू ते संपवतात.

इथूनच घराघरांत होणारी चूक सुरू होते. मूळ मेलं की झाडाला पाणी पोचत नाही, पान सुरकुततं. सुरकुतलेलं पान बघून आपल्याला वाटतं झाड तहानलंय. ते तहानलेलं असतंच, पण पाणी प्यायला तोंडच उरलेलं नसतं. आपण आणखी पाणी घालतो.

माझ्या धाकट्या बहिणीला वसईत कुणीतरी फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड भेट दिलं होतं, जांभळ्या फुलांचं, चकचकीत चिनीमातीच्या कुंडीतलं. तीन महिन्यांनी तिचा फोन आला, “ताई, रोज पाणी घालते तरी पानं लोळतायत गं.” मी गेले तेव्हा आम्ही दोघींनी ते उपसलं. चिनीमातीच्या कुंडीला खाली भोक नव्हतं. आत प्लॅस्टिकची कुंडी, तिच्याखाली दोन बोटं पाणी साचलेलं. मॉसचा गोळा पिळला तर चहाच्या रंगाचं पाणी गळालं. मुळं वरून बरी दिसत होती, पण दाबली की साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा. एकूण चौदा मुळांपैकी दोन टणक होती. ती दोन ठेवली, बाकीची कात्री गॅसवर तापवून गार करून कापली. कात्री तापवायची ती उगाच नाही, ऑर्किडचे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर कात्रीच्या पात्यावरून जातात आणि त्यांच्यावर औषध नाही. मग नुसत्या कोळशात ते झाड बसवलं. वाचलं ते, आठ महिने घेतले.

तो मॉसचा गोळा मुळात वाईट नसतो, हेही सांगायला हवं. हरितगृहात तापमान, वारा, पाणी सगळं मोजून दिलेलं असतं, तिथे तो चालतो, आणि प्रवासात झाडाला ओलही पुरवतो. आपल्या घरात तो चालत नाही. फुलं संपली की तो काढून टाकायचा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत लोणारी कोळसा आणि विटेचे तुकडे पुरेसे होतात. पुण्यात मी त्यात नारळाच्या सोडणाचे तुकडे मिसळते, नागपूरसारख्या कोरड्या ठिकाणी ते आणखी जास्त लागतील. सोडण चार-पाच दिवस पाण्यात भिजवून, रोज पाणी बदलून मगच वापरायचं, कारण त्यात मीठ आणि तुरट रस असतो. आणि ते दीड-दोन वर्षांत कुजून लगदा होतं, तेव्हा बदलायचं. व्हँडाला तर यातलं काहीच नको, उघड्या लाकडी टोपलीत मुळं मोकळी लोंबू द्यायची, सकाळी बादलीत दहा मिनिटं बुडवायची, पुरती हिरवी झाली की काढायची.

पानफुटीचं आंबट पान

आता रात्रीकडे येते.

पानफुटी बहुतेकांच्या अंगणात असते. तिचं पान पहाटे चावून बघितलं तर आंबट लागतं. दुपारी तेच झाड, तेच पान, पण आंबटपणा गेलेला असतो. संध्याकाळपर्यंत चव कडवट होते. बेंजामिन हाइन नावाचे एक जर्मन वनस्पतीतज्ज्ञ दक्षिण भारतात काम करत होते. ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती लंडनला पत्रानं कळवली. १८१५ साली ते पत्र छापून आलं. त्याच हाइन यांचं नाव कासच्या पठारावरच्या एका ऑर्किडला दिलेलं आहे, हॅबेनारिया हाइनियाना. पांढऱ्या फुलांची एकाच बाजूला दाटी असते, म्हणून सगळे त्याला टूथब्रश ऑर्किड म्हणतात.

पान आंबट का होतं? बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि उन्हाच्या जोरावर साखर करतात. पण छिद्र उघडलं की पाणीही उडून जातं. फांदीवर किंवा कोरड्या जागी राहणाऱ्या झाडाला ही चैन परवडत नाही. म्हणून पानफुटी, निवडुंग, अननस, आणि जाड पानांची ऑर्किड, म्हणजे फॅलेनॉप्सिस, कॅटलिया, व्हँडा, यांनी वेगळी सोय केली. ती छिद्रं रात्री उघडतात, हवा गार आणि दमट असते तेव्हा. रात्रभर आत आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवला जातो, कच्च्या सफरचंदाचा आंबटपणा ज्या आम्लाचा तेच हे. सकाळी छिद्रं मिटतात, आणि दिवसभर बंद दाराआड तो साठा वापरून साखर तयार होते. पहाटेचा आंबटपणा म्हणजे रात्रीची जमा, आणि संध्याकाळची चव म्हणजे ती खर्ची पडल्याची खूण.

आता रात्रच गरम राहिली तर काय होतं बघा. जमा नीट होत नाही. वर झाड स्वतःच्या श्वसनासाठी साखर जाळतं ते रात्री चालूच असतं, आणि जितकी रात्र गरम तितकी ती जास्त जळते. मिळकत कमी आणि खर्च जास्त. एक-दोन रात्री निभावतात. सलग सहा आठवडे असं झालं की झाड साठवणीला हात घालतं, आणि सगळ्यात आधी खालचं, म्हातारं पान मोडून खातं. माझ्या व्हँडाची एकामागून एक गेलेली पानं ही होती. मी कीड शोधत होते, बुरशीनाशक फवारत होते, आणि झाड उपासमारीनं जात होतं.

निव्वळ दुपारचं तापमान बघून हे कळत नाही. म्हणून कमाल आणि किमान दोन्ही दाखवणारा साधा तापमापक आणा, झाड जिथे टांगणार तिथेच टांगा, आणि आठवडाभर पहाटेचा आकडा लिहा. वर्तमानपत्रातलं किमान तापमान आपल्या बाल्कनीचं नसतं. भिंत आणि स्लॅब दिवसभर तापून रात्रभर उष्णता सोडत राहतात. मे महिन्यात माझ्या बाल्कनीतली रात्र बातम्यांतल्या पुण्यापेक्षा तीन अंशांनी जास्त निघाली. एका पहाटे, पाच वाजता, २८ होतं. व्हँडाला तो आकडा जड होता.

यावर उपाय म्हणून ‘संध्याकाळी जमीन ओली करा, भोवती पाणी मारा’ असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो कुठे चालतो आणि कुठे नाही हे माठाकडे बघून समजतं. नागपुरात एप्रिलमध्ये माठातलं पाणी दात ठणकेल इतकं गार असतं, तोच माठ मुंबईत नेला तर पाणी जेमतेम गार होतं. माठाच्या अंगातून झिरपणारं पाणी वाळतं तेव्हा ते उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तर भराभर वाळतं, हवा आधीच ओलीचिंब असेल तर वाळणार कुठे? ओली फरशी हा एक पसरलेला माठच. कोरड्या एप्रिलात पुण्या-नागपुरात तिच्याने तापमान खरंच खाली येतं. मुंबईत नुसती दमट हवा आणखी दमट होते आणि बुरशीचं फावतं. तिथे ओल वाढवण्यापेक्षा एक छोटा पंखा लावावा. वारा हलता ठेवणं हे किनाऱ्यावरच्या माणसानं ऑर्किडसाठी करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम आहे.

फूल न येण्यामागेही हीच रात्र असते. फॅलेनॉप्सिस पुन्हा फुलत नाही ही तक्रार मुंबईतून जितकी येते तितकी पुण्यातून येत नाही. या झाडाला फुलाचा दांडा काढायला तीन-चार आठवडे २५-२६ अंशांखालची हवा लागते. सतत २८च्या वर राहिलं तर ते पानावर पान काढत बसतं, तब्येत उत्तम आणि फूल नाही. पुण्यात नोव्हेंबर-डिसेंबरात ते बाल्कनीत ठेवलं की काम होतं, फक्त कडाक्याच्या रात्री, पारा १४-१५च्या खाली जायला लागला की आत घ्यायचं. मुंबईत हिवाळ्याचे मोजके आठवडे मिळतात, ते खिडकीपाशी घालवायचे, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात नाही.

सात माणसांचं ओझं

निळ्या व्हँडाचं गाव कसं आहे हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. मी झाड आणण्याआधी ते वाचलं असतं तर आणलं नसतं.

जोसेफ डाल्टन हूकर हे ब्रिटिश वनस्पतीतज्ज्ञ १८५० साली खासी टेकड्यांत होते. निळी व्हँडा त्या वेळी इंग्लंडमधल्या श्रीमंत बागांना वेड लावत होती. हूकर यांना ती ओकच्या विरळ रानात, तीन ते चार हजार फुटांवर, खुरट्या झाडांच्या फांद्यांवर भरभरून फुललेली दिसली. त्यांनी केलेली नोंद मी पुनःपुन्हा वाचते. झाडांना पानं थोडी, म्हणून व्हँडावर ऊन, पाऊस, वारा थेट येतो. फांदीवर शेवाळ नाही, मुळं कोरड्या खरबरीत सालीवर पसरलेली. पावसाळ्यात दमट हवा, पण कोंदट उकाडा कधीच नाही. फुलण्याच्या काळात तापमान सुमारे १६ ते २७ अंश. आणि हिवाळ्यात जमिनीवर हिमकण पडतात इतकी थंडी. हे सगळं लिहून ते म्हणतात की थंडी, उन्हाळा, कोरडेपणा आणि मोकळा वारा यांपासूनच इंग्लंडमध्ये आपण ऑर्किडना जपत असतो.

त्यांचा रोख काचघरांवर होता. ऑर्किड उष्ण देशातून येतात एवढंच माहीत असल्यानं इंग्लंडमध्ये ती सगळी एकजात शेगडी पेटवलेल्या, वाफेनं भरलेल्या, दारं बंद असलेल्या काचघरांत ठेवत, आणि ती ढिगानं मरत. १८३०च्या दशकात चॅट्सवर्थ इथले माळी जोसेफ पॅक्स्टन यांनी ऑर्किडना त्यांच्या मूळ गावानुसार वेगवेगळ्या तापमानांत ठेवायला सुरुवात केली, खिडक्या उघडल्या, तेव्हा ती जगायला लागली. हूकर यांनी स्वतः लंडनमधल्या क्यू इथल्या राजउद्यानासाठी सात माणसांना उचलावी लागतील इतकी निळी व्हँडा गोळा केली. त्यातली फार थोडी झाडं इंग्लंडला जिवंत पोचली.

सात ओझी. हा आकडा वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. त्यानंतरच्या काळात ती रानं व्हँडापुरती तरी ओसाड होत गेली, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात या झाडाला संरक्षित वनस्पतींच्या यादीत घालावं लागलं. म्हणून निळी व्हँडा घ्यायचीच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली घ्या. रानातून आलेली ओळखू येते: मुळांना सालीचे तुकडे चिकटलेले असतात, पानांवर ओरखडे आणि शेवाळ असतं, आणि ती संशय यावा इतकी स्वस्त असते.

खरं तर सपाटीवरच्या माणसानं शुद्ध जात घेऊच नये असं माझं मत आहे. १९३१ साली निळ्या व्हँडाचा फिलिपिन्सच्या सखल, उष्ण भागातल्या व्हँडा सँडेरियानाशी संकर नोंदवला गेला. त्याचं नाव ‘रॉथशिल्डियाना’. निळाई एका बाजूची आणि उकाडा सोसायची ताकद दुसऱ्या बाजूची. आज बाजारात निळी व्हँडा म्हणून मिळणारी बरीचशी झाडं याच घराण्यातली, पुढच्या पिढ्यांची संकरित. त्यांना कमी लेखणारे हौशी लोक मला भेटलेत. मला ते पटत नाही. आपल्या हवेत आनंदानं जगणारं झाड हे आपल्या हवेत झुरणाऱ्या झाडापेक्षा केव्हाही सुंदर.

अवघड जातींबद्दल आणखी थोडं. मॅस्डेव्हेलिया, ड्रॅक्युला, मिल्टोनिऑप्सिस ही अँडीज पर्वताच्या ढगांतली ऑर्किड. पातळ पानं, पाणी साठवायला जाड दांडा नाहीच म्हटलं तरी चालेल. यांना बारा महिने गार रात्री लागतात, म्हणजे आपल्याकडे वातानुकूलित पेटीच. ती करायची तयारी आणि विजेचं बिल भरायची ताकद असेल तर जरूर करा, पण नुसत्या मायेनं ती जगणार नाहीत. मोठ्या फुलांचं डोंगरी सिंबिडियम जगतं, मोठं होतं, मात्र गार रात्रींशिवाय फुलत नाही. सिक्कीम-दार्जिलिंगला जाऊन फुललेलं झाड घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव येतो. महाबळेश्वर-पाचगणीला घर असेल तर गोष्ट वेगळी.

झोपलेलं झाड

हल्ली माझ्याकडे डेंड्रोबियम बार्बाट्युलम आहे. हे आपलं, सह्याद्रीतलं. पावसाळ्यात याच्या बोटभर जाड, गाजरासारख्या निमुळत्या दांड्या भरतात. पाऊस गेला की पानं पिवळी होऊन गळतात आणि काही महिने नुसत्या सुरकुतलेल्या काड्या उरतात. मग ऐन कोरड्या दिवसांत त्या काड्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा झुपका येतो.

पानं गळाली की माणूस घाबरतो आणि पाणी ओततो. झोपेतल्या झाडाला ते पाणी नको असतं. मुळं भिजून राहतात, काडी तळापासून तपकिरी, मऊ होते आणि आलेलं फूलही जातं. सावंतवाडीला माझ्या मावशीच्या परड्यात फणसावर सीतेची वेणी आहे, मे-जूनमध्ये गुलाबी घोस लोंबतात. मी एकदा तिला विचारलं की एप्रिलमध्ये तू तिला पाणी किती घालतेस. मावशी म्हणाली, “अगो, तिका पाणी कोण घालता? पावस घालता तितक्याच.” तिथली रात्रीची दमट हवा आणि पहाटेचं दव त्या मुळांना पुरतं. पुण्याच्या कोरड्या हवेत मी झोपलेल्या डेंड्रोबियमवर आठवड्यातून एकदा पहाटे हलकं धुकं मारते, मुळं तेवढ्यापुरती हिरवट होतात, दहाच्या आत पांढरी. त्याहून जास्त नाही.

जमिनीतली ऑर्किड म्हणजे कासवरची हॅबेनारिया वगैरे. ती तर उन्हाळाभर जमिनीखाली कंदाच्या रूपात असतात. ती उपटून घरी आणणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि हात जोडून सांगते, आणू नका. या झाडांचं मातीतल्या बुरशीशी नातं असतं. ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं, त्यात कोंबाला पुरेल असा खाऊच नसतो. योग्य बुरशी त्या बियात शिरून त्याला भरवते तेव्हाच ते रुजतं. १८९९ साली नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाला रानात ऑर्किडची नुकती उगवलेली रोपं सापडली आणि प्रत्येकात बुरशी दिसली, तेव्हा हे कोडं सुटायला लागलं. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी काचेच्या बाटलीत साखर घातलेल्या जेलीवर बी रुजवून दाखवलं, आणि म्हणून आज रोपवाटिका लाखांनी रोपं करू शकतात. पण कासचा कंद कुंडीत लावला की त्याची ती माती, ती बुरशी आणि तो पठारावरचा पाऊस यातलं काही मागोमाग येत नाही. एखाद्या वर्षी तो फुटेल. मग नाही.

पावसाळा, आणि झाड आधीच आजारी असेल तर

पावसाळ्यात वेगळी दोन संकटं. पहिलं, फॅलेनॉप्सिसच्या मधल्या खोबणीत साचणारं पाणी. रानात हे झाड खोडावर तिरकं, जवळजवळ उलटं लोंबतं, पाणी निथळून जातं. आपण ते कुंडीत सरळ उभं करतो, म्हणजे मधोमध पेला तयार होतो. रात्रभर पाणी राहिलं की गाभा सडतो, आणि एकदा गाभा गेला की वरून नवीन पान येत नाही. म्हणून पाणी सकाळीच घाला आणि खोबणीतलं पाणी कापडाच्या टोकानं टिपून घ्या. दुसरं संकट गोगलगाई. मुळाचं हिरवं कोवळं टोक त्यांना फार आवडतं. दिवसा त्या दिसत नाहीत. रात्री दहानंतर बॅटरी घेऊन कुंड्यांच्या बुडाशी बघितलं की सापडतात.

खताबद्दल थोडक्यात: १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, फक्त नवीन पान किंवा मूळ वाढत असताना, आणि आधी साध्या पाण्यानं मुळं भिजवून. बोअरचं जड पाणी असेल तर मुळांवर पांढरा थर धरतो, त्यावर पावसाचं पाणी साठवणं हाच चांगला उपाय. गाळणयंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी वापरू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात.

आणि झाड आत्ताच पानं टाकत असेल तर आजच कुंडीतून काढा. मुळं एकेक दाबून बघा. टणक ती ठेवा, मऊ आणि पोकळ ती तापवून गार केलेल्या कात्रीनं कापा. कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड लावतात, ती खोडाच्या जखमेवर ठीक आहे, मुळांवर लावू नका, ती मुळं सुकवते. झाड एक दिवस उघडंच सावलीत ठेवा. मग कोरड्या कोळशात बसवा, हलू नये असं बांधा, कारण हलणाऱ्या झाडाचं नवीन टोक घासून मरतं. फुलाचा दांडा असेल तर जड मनानं कापून टाका. खत नाही. घरातली सगळ्यात गार रात्र जिथे मिळते ती जागा शोधा. आमच्याकडे ती पूर्वेच्या बाल्कनीत नव्हती, मागच्या बाजूच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत निघाली, पहाटे दोन अंशांनी कमी.

तिथे आता एक संकरित निळी व्हँडा आहे. हा तिचा तिसरा उन्हाळा. मे महिन्यात तिनेही एक पान टाकलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आठ दिवसांनी खालच्या बाजूला सालीला चीर पडली, आणि तिच्यातून तांदळाच्या दाण्याएवढं हिरवंगार टोक बाहेर आलं.